ताईचे फोन आणि वजनाची वही

वजनाच्या इंजेक्शनचं, म्हणजे सेमाग्लुटाइडचं, पहिलं पेन हातात धरून मी पलंगाच्या कडेवर बराच वेळ बसून होते. सुईची भीती नव्हती. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळीची रक्तातली लेव्हल बघायला गेली दहा-अकरा वर्षं मी नेमाने रक्त देते आहे, सुईचं आता काही वाटत नाही. भीती होती ती २०१४मधल्या त्या पाच महिन्यांची. तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हते, आणि एका रात्री ताई माझ्या खोलीतली सगळी औषधं पर्समध्ये गोळा करून, ती पर्स उशाशी घेऊन झोपली होती. त्या रात्रीच्या जवळपासही पुन्हा जायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं आहे. आणि आता हातात जे औषध होतं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की नैराश्य, वागण्यातले बदल, आत्महत्येचे विचार यांच्याकडे लक्ष ठेवा.

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी खोल खाली तर कधी अति वर नेणारा आजार. हे इथे आधीही लिहिलेलं आहे, नवीन वाचणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते. आजार सुरू झाला तेव्हा माझं वजन ६२ किलो होतं. पहिल्या वर्षी ओलॅन्झापिन चालू होतं. त्या गोळीने मला झोप दिली, डोक्यातला गोंगाट शांत केला, आणि अशी भूक दिली की जेवून ताटावरून उठताना मी पुढच्या जेवणाचा विचार करत असायची. पुढे ती गोळी बंद झाली, लिथियम कायम राहिलं, आणि वजन वर्षाला दोन-तीन किलोंनी चढतच गेलं. मागच्या वर्षी जानेवारीत काट्यावर ९४ दिसले. उंची १५८ सेंटिमीटर. ज्या औषधांनी मला जगवलं त्यांनीच हे वजनही दिलं, आणि यातलं एक ठेवून दुसरं परत करायची सोय नाही. ‘तोंडावर ताबा ठेव’ असं सांगणाऱ्या माणसांवर मी आता चिडत नाही. पण ती भूक ज्याने आतून अनुभवलेली नाही, त्याला ती सांगून समजत नाही.

वजन कमी करायचं ते कपड्यांच्या मापासाठी नव्हे. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.३ झालं होतं, म्हणजे मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. रात्री श्वास अडकून जाग यायची, आणि बायपोलरच्या माणसाची झोप मोडली की पुढचं सगळंच मोडायला लागतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्या आहेतच, पण फार मोठा वाटा हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांचा असतो. मन सांभाळता सांभाळता हृदय हातचं जातं. ताईने हे वाचलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, “अगं, मी तुला एकदा वाचवलंय. आता दुसऱ्या बाजूने जाऊ नकोस.”

वजनाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा आधी एक फॉर्म भरून घेतला. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, सगळं विचारलं होतं. मनाच्या आजाराबद्दल एक ओळही नव्हती. मी समासात पेनाने लिहिलं: बायपोलर, लिथियम ९०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरं झालं लिहिलंत. आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणा, मग सुरू करू.” त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण जी व्यक्ती संकोचाने समास कोरा ठेवेल तिचं काय, हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. म्हणूनच हे सगळं लिहिते आहे.

माझ्या मानसोपचाराच्या मॅडमना मी थेट विचारलं, “या इंजेक्शनने डिप्रेशन येतं का?” त्या लगेच हो किंवा नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला रिमोनाबंटची गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती, नंतर घरी बसून मी त्यावर मिळेल ते वाचलं.

रिमोनाबंट ही वजनाची गोळी २००६ साली युरोपात आली. मेंदूत सीबीवन नावाचे रिसेप्टर असतात, गांजाचा अंमल ज्यांच्यावर होतो तेच. ही गोळी ते बंद करायची. खाण्यातली ओढ कमी व्हायची, वजन उतरायचं. पण मेंदूत खाण्याच्या सुखाचा रस्ता वेगळा आणि बाकीच्या सुखांचा वेगळा असं नसतं. २००७च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने या गोळीला नकार दिला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आधीच्या चाचण्या एकत्र करून केलेला अभ्यास आला. नैराश्यामुळे औषध सोडावं लागण्याची शक्यता ही गोळी घेणाऱ्यांत अडीच पट होती. २००८च्या ऑक्टोबरमध्ये युरोपच्या औषध संस्थेने विक्री थांबवायला सांगितलं. मानसिक तक्रारींचा धोका साधारण दुप्पट होतो हे त्यांचं कारण होतं. साडेअठरा हजारांहून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी चालू होती, तीही थांबली. तिच्यात गोळी घेणाऱ्यांपैकी चार जणांनी आत्महत्या केल्या होत्या आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी एकाने.

मला यातली एक गोष्ट फार लागली. सुरुवातीच्या चाचण्यांमधून ज्यांना गंभीर नैराश्य आहे अशी माणसं मुळातच बाजूला ठेवलेली होती. म्हणजे ज्यांची मनं त्यातल्या त्यात भक्कम, त्यांच्यातही इतकं दिसलं. मग औषध बाजारात आलं आणि ते घ्यायला आली माझ्यासारखी माणसं. वजन आणि नैराश्य ही जोडी तर जुनीच आहे. २०१०च्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं होतं की लठ्ठ माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्क्यांनी जास्त, आणि नैराश्य असलेल्या माणसाला पुढे लठ्ठपणा येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी जास्त. दोन्ही दारं एकमेकांत उघडतात. वजनाच्या औषधाच्या रांगेत मनाने दमलेली माणसं असणारच.

“पण हे इंजेक्शन म्हणजे रिमोनाबंट नाही,” मॅडम म्हणाल्या. सेमाग्लुटाइड हे आतड्यातून जेवणानंतर सुटणाऱ्या जीएलपी-वन नावाच्या हार्मोनची नक्कल करतं. पोट हळू रिकामं होतं, मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला ‘पुरे’ असा निरोप जातो. फायदा खरा आहे. १,९६१ लोकांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, खोट्या इंजेक्शनवर २.४ टक्के. आधीच हृदयविकार असलेल्या १७,६०४ लोकांच्या दुसऱ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारा मृत्यू हे मिळून २० टक्क्यांनी कमी झाले.

मनाच्या बाजूने २०२३च्या जुलैमध्ये खळबळ उडाली होती. आइसलंडमधून आत्महत्येच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या तक्रारी आल्या आणि युरोपच्या संस्थेने तपास सुरू केला. २०२४च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष आला की औषधामुळेच हे होतं असं म्हणायला पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी जानेवारीत साधारण तेच सांगितलं होतं, पण अगदी लहानसा धोका पूर्णपणे नाकारता येत नाही असंही जोडलं होतं. २०२६च्या जानेवारीत, अधिक चाचण्या तपासून झाल्यावर, त्यांनी आत्महत्येच्या विचारांबद्दलची सूचना माहितीपत्रकातून काढून टाकायला सांगितलं.

हे सगळं वाचून मला खरंच हलकं वाटलं. पण दोन गोष्टी मनातून गेल्या नाहीत. सव्वादोन लाखांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून निघालेला एक अभ्यास २०२४च्या सुरुवातीला खूप गाजला. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार नव्याने येण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. पण तुलना कोणाशी? वजनाची दुसरी औषधं घेणाऱ्यांशी. त्यांत टोपिरामेट आणि ब्युप्रोपियॉनसारखी औषधं होती, ज्यांच्यावर आत्महत्येच्या विचारांबद्दलची सूचना आधीपासून आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मोठ्या चाचण्यांमध्येही गेल्या दोन वर्षांत नैराश्य झालेली, आयुष्यात कधीही आत्महत्येचा प्रयत्न केलेली, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेली माणसं घेतलेली नव्हती. चाचणीतल्या लोकांना हे औषध मनाच्या दृष्टीने सुरक्षित आहे यावर माझा विश्वास आहे. पण त्या लोकांमध्ये मी नव्हते.

म्हणून मॅडमनी पत्र दिलं ते अटी घालून. डोस वाढवण्याची घाई करायची नाही. उलट्या किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी त्यांना फोन करायचा आणि लिथियमची लेव्हल करायची, कारण शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. दर दोन आठवड्यांनी नऊ प्रश्नांची ती ठरावीक नैराश्याची प्रश्नावली भरायची, नवव्या प्रश्नाचं, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाचं, उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर इंजेक्शन थांबवायचं. आणि घरच्या एका माणसाला सगळं माहीत हवं. “तुमचा मूड खाली जातो तेव्हा तुम्हाला सगळ्यात शेवटी कळतं,” त्या म्हणाल्या. अकरा वर्षांच्या ओळखीनंतर हे त्यांनी म्हणावं, आणि मी ऐकावं, इतका अधिकार त्यांचा आहे.

तो माणूस म्हणजे ताई. ती लांब राहते, आमचा रोज रात्री जेवणानंतर फोन असतो. मी एक शाळकरी दुरेघी वही घेतली. दर रविवारी इंजेक्शन, शेजारी वजन, शेजारी झोपेचे तास. ताईने आणखी एक रकाना सुचवला: फोन किती मिनिटं चालला. मोबाइलमध्ये ते दिसतंच. मला ते पोरकट वाटलं होतं, पण तिचा शब्द मोडवत नाही म्हणून रकाना आखला.

पहिले चार आठवडे, ०.२५ मिलिग्रॅमचे, सौम्य मळमळीत गेले. एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आलं की डोक्यात खाण्याचा विचारच नाही. दहा वर्षं शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ मोठ्याने लावून ठेवावा आणि तो अचानक बंद व्हावा, तसं. मी रडले. माझ्यात इच्छाशक्ती नाही असं मी दहा वर्षं मानत आले होते आणि ते खरं नव्हतं, हे त्या दुपारी समजलं.

सहाव्या आठवड्यात ०.५च्या डोसवर दोन दिवस उलट्या झाल्या. पाणीही टिकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कप उचलताना हात असा थरथरला की पाणी बशीत सांडलं. ही थरथर लिथियमच्या नेहमीच्या बारीक थरथरीसारखी नव्हती, जाड होती, पाय टाकतानाही तोल जात होता. लेव्हल आली १.३. एरवी माझी ०.७ ते ०.८ असते. गोळी दोन दिवस बंद, सलाइन, पुन्हा तपासणी, आणि मग लिथियम ९००वरून ६००वर. वजनाच्या औषधाचा मनावरचा धोका म्हटलं की सगळे डिप्रेशनबद्दल बोलतात. माझ्या बाबतीत पहिला धोका आला तो पोटातून, आणि तो नैराश्य नव्हताच. लिथियम घेणाऱ्यांनी एवढं एक जरी इथून उचललं तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

मे महिना बरा गेला. जूनमध्ये डोस १ मिलिग्रॅम झाला, वजन ८५वर आलं. ओळखीचे लोक थांबवून कौतुक करायला लागले. एचबीएवनसी ५.८. श्वास अडकून जाग येणं जवळजवळ थांबलं. वहीतला वजनाचा रकाना इतका छान उतरत होता की मी तोच बघायची.

जुलैच्या शेवटी ताईने विचारलं, “तू शेवटचा रकाना वाचलास का?” मी वही काढली. ३४, ३८, २९, ३१. मग १७. मग ९, ६, ४, ४, ३. ते आकडे रोज रात्री मीच माझ्या हाताने लिहिले होते, आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

मी दुःखी नव्हते. हे नीट सांगायला हवं, कारण डिप्रेशन म्हणजे रडू येणं असं धरून बसलं तर ही अवस्था निसटून जाते. मला काही वाईट वाटत नव्हतं, आणि काही हवंसंही वाटत नव्हतं. जेवणाची ओढ गेली होती, ते औषधाचं कामच होतं. पण त्याबरोबर गाणं लावावंसं वाटेना, कुंड्यांना पाणी घालायचं राहून जायचं, ताईचं बोलणं ऐकू यायचं पण त्यात शिरावंसं वाटायचं नाही. प्रश्नावलीत माझे गुण ११ आले, आधीच्या वेळी ४ होते. नववा प्रश्न शून्य होता. तेवढ्यासाठी मी अजूनही कृतज्ञ आहे.

आता हे कशामुळे? मला इंजेक्शनवर बोट ठेवायचं होतं, रिमोनाबंट डोक्यात होतंच. पण मॅडमनी लेव्हल केली तर लिथियम ०.४८ निघालं. एप्रिलमध्ये डोस कमी केला होता, तो पुन्हा वाढवलाच नव्हता. म्हणजे माझं छत्र पातळ झालं होतं. शिवाय मी जेवत इतकं कमी होते की कधी कधी दिवसभरात एकच जेवण व्हायचं. आणि माझा आजार स्वतःहूनही असा परत येतो, त्याला कोणत्याच औषधाची गरज नसते. मॅडम म्हणाल्या, “दोन्ही एकदम बदललं तर काय लागू पडलं ते आपल्याला कधीच कळणार नाही. आधी लिथियम.” ते पुन्हा ९०० केलं, जेवणाच्या वेळा घड्याळ लावून बांधल्या. तीन आठवड्यांत लेव्हल ०.७५ आणि फोन १५ मिनिटांवर आले. पण तिथेच अडकले. मग ऑगस्टच्या अखेरीला इंजेक्शन ०.५वर आणलं. या औषधाचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच एक आठवडा जातो, म्हणून धीर धरायला लागला. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी आपणहून गाणं लावलं, आणि लावल्यावर लक्षात आलं की लावलं.

त्यामुळे माझ्या एका उदाहरणावरून ‘हे इंजेक्शन मन मारतं’ असं कोणी म्हणू नये. अर्धं श्रेय लिथियमचं आहे हे माझी वहीच सांगते. आणि ‘सगळ्या चाचण्यांत काही सापडलं नाही, तुझ्या मनाचे खेळ’ असंही मला कोणी म्हणू नये, कारण दुसरं अर्धं श्रेय डोस कमी केल्यावरच मिळालं.

मध्यंतरी पूर्ण बंद करायचाही विचार केला. पण तेही सोपं नाही. चाचणी संपल्यावर इंजेक्शन थांबवलेल्या लोकांचा अभ्यास झाला, त्यात वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. दहा वर्षं चढलेलं आणि एका वर्षात उतरलेलं वजन पुन्हा डोळ्यांदेखत चढताना बघणं माझ्या मनाला झेपेल का, हाही मानसिक धोकाच धरायला हवा. तो कोणत्याच माहितीपत्रकात नसतो.

सध्या ०.५वर आहे. वजन ८६, दोन महिन्यांपासून तिथेच. वजनाच्या डॉक्टरांच्या मते आणखी उतरायला हवं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे. मी त्यांना सांगितलं की ८६ किलोची, गाणं ऐकणारी बाई मला ७६ किलोच्या गप्प बाईपेक्षा जास्त हवी आहे. ते हसले नाहीत. त्यांनी फाइलवर लिहून घेतलं: ‘डोस वाढवू नये, रुग्णाची इच्छा.’ आणि आता त्यांच्या फॉर्मवर मनाच्या आजाराची एक ओळ आली आहे. मी मागच्या भेटीत पाहिली.

शेवटच्या रकान्याला ताईने आता नवा नियम लावला आहे. फोन दहा मिनिटांच्या आत संपला तर लाल गोल. आणि तीन रात्री लागोपाठ तासाच्या पुढे गेला तरी लाल गोल, कारण माझा आजार वरही जातो, आणि वजन उतरल्याच्या आनंदात ते दोघींच्याही नजरेतून सुटू शकतं. काल रात्री फोन ४१ मिनिटं चालला. त्यातली वीस मिनिटं आम्ही आईच्या जुन्या कपाटावरून भांडलो, आणि ताई रागाने आधी फोन ठेवून बसली. मी वहीत ४१ लिहिलं आणि तिला मेसेज केला. सोमवारी लिथियमची लेव्हल आहे, सकाळी गोळी न घेता जायचं.